उघाडीवरचा पाटकरी

आमच्या शिरूर कासारकडं कुणाला सांगितलं की मी समुद्राची पातळी मोजते, तर माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कशानं? बादलीनं?" मला याचा लई राग यायचा. एकदा चकलांब्याच्या बाजारात एका लांबच्या पाहुण्यानं चार लोकांत विचारलं, "बाई, आपल्याकडं प्यायला पानी न्हाई, आन् तुमी समिंदर वाढला का कमी झाला ते बघत बसता व्हय?" मी म्हटलं, "मामा, वाढतोय म्हणून तर बघते. तुमच्या विहिरीसारखा आटला असता तर कोण बघतंय?" त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. वरून उपग्रह जातो, खाली रडारची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत वर जाते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती उंचीला आहे ते काढायचं. भर समुद्रात हे झकास चालतं. घोळ होतो तो किनाऱ्याजवळ. तिथं पाण्यावरून परत येणाऱ्या लहरीत जमीन, झाडं, खडक, चिखल यांच्यावर आपटलेली लहर मिसळते आणि आकडा बिघडतो. कित्येक वर्षं शिकलेसवरले लोक किनाऱ्याजवळचे हे आकडे सरळ फेकून द्यायचे. म्हणजे बघा, माशांच्या गावचा आकडा जपून ठेवायचा आणि माणसं राहतात तिथला टाकून द्यायचा! माझं सगळं काम त्या टाकलेल्या पट्ट्यातलं. बिघडलेल्या आकड्यातून पाण्याचा खरा आकडा वेगळा काढायचा. तो खरोखर बरोबर निघाला का, हे ताडून बघायला खाली ऐन काठावर रोवलेल्या पट्टीवर पाणी बघून सांगणारं कुणीतरी लागतं. त्या कामाला मी माझ्या दादाला नेलं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. आई-बाप ऊस तोडायला जायचे तेव्हा फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत मला सांभाळायचा तोच. माझे केस विंचरायचा, आणि ते इतके वाईट विंचरायचा की शेजारच्या कोपीतल्या बाया मला बोलावून परत विंचरून द्यायच्या. पुढं त्यानं स्वतः कोयता धरला, लग्न झाल्यावर वहिनीला घेऊन जायला लागला. मग गावच्या तलावावर शेतकऱ्यांनी मिळून सहकारी पाणी वापर संस्था काढली आणि दादाला पाटकरी नेमलं. तलावाचं गेट उघडायचं, चाऱ्यांनी पाणी सोडायचं, वेळ झाली की गेट लावायचं. दादाचं नशीबच फिरलं म्हणायचं. सलग काही वर्षं तो ऊसतोडीला गेला नाही.

गेट लावावं तर त्यानं. फटीत चिंध्या कोंबायचा, वरनं चिकणमाती ठासायचा, मग कान लावून बसायचा. थेंब गळाला तर त्याला जेवण जायचं नाही. आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीत बसलेला असताना त्याला दिसलं की पाण्याच्या टाकीची तोटी गळतीय. उठला की हा भरल्या ताटावरनं! आम्ही नवरीकडचे, तरी नवरदेवाकडच्या म्हाताऱ्यांना वाटलं, नवरीचा भाऊ रुसला. ते बिचारे हात जोडत मागं, आणि हा पुढं जाऊन तोटीला सुतळी बांधतोय. आई त्यावरून वर्षभर त्याला बोलत होती. त्याचं एकच, "पानी वाया चाललंतं."

मग दुष्काळ आला. एक वर्ष आला असता तर निभावलं असतं, पण तो मुक्कामालाच आला. तलाव जोत्याखाली गेला, मग गाळ उघडा पडला, मग गाळालाही भेगा गेल्या. पाणी वापर संस्था मात्र चालूच! सभासद जमायचे, चहा व्हायचा, कोरम मोजला जायचा, आणि पाण्याचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलून सगळे घरी. बैलं चारा छावणीत बांधली. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचा भोंगा त्या वर्षी वाजलाच नाही, ऊसच नव्हता. दादा आणि वहिनी परत लांबच्या कारखान्याला गेले. तिथं मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरनं चढताना दादाच्या छातीत कळ आली आणि तो मोळीसकट खाली आला. तिकडच्या डॉक्टरनं तपासून वहिनीला सांगितलं, कंबर तर गेलीच आहे, पण काळीजही थकलंय. आता ओझं उचलू देऊ नका, एखाद्या दिवशी उचलता उचलता जातील.

वहिनीनं मला हे फोनवर सांगितलं आणि मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, ह्या माणसाच्या डोक्यावर परत उसाची मोळी चढू द्यायची नाही. मी रडत बसणारी नाही. मी भांडणारी आहे. पण दैवाशी भांडायचं तर आधी नोकरी शोधायला लागते.

ती मिळाली कोकणातल्या एका खाडीकाठी. तिथं भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. तो सांभाळायला शेतकऱ्यांची सहकारी संस्था. बांध घातला की पावसाचं गोडं पाणी आत तुंबतं, म्हणून बांधात एक दार ठेवतात. त्या दाराला तिकडं उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढायच्या, आतलं पाणी बाहेर जातं. भरतीच्या आधी फळ्या टाकायच्या. तिथली तरणी पोरं मुंबईला गेलेली, फळ्या टाकायला माणूस मिळेना. मला तिथंच पट्टी रोवायची होती. संस्थेचे चेअरमन, पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ, म्हणाले, "मॅडम, तुमचा भाऊ गेटवर काम केलेला आहे म्हणता? मग पाठवा की." मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

दादा आला. बांधालगत एक खोली मिळाली. वहिनी आईसाठी आणि बैलांसाठी गावीच राहिली. पहिल्याच दिवशी दादानं तोंड वाकडं केलं ते त्या शब्दावर. "उघाडी? ह्ये काय नाव हाय का बाई? आपल्याकडं उघाड पडली म्हनलं की मानसाच्या पोटात गोळा येतो." खरं होतं. आमच्याकडं उघाड म्हणजे पाऊस गेला, पेरलेलं गेलं. त्यानं त्या दाराला शेवटपर्यंत गेटच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. धापा टाकतोय.

"बाई, घात झाला! पानी उतरायलंय!"

"उतरू दे की, दादा."

"आगं उतरू दे काय? मह्या डोळ्यादेखत दोन हात खाली गेलं. गेट लावलेलंच हाय, मी तीनदा बघितलं. पलीकडनं कुनीतरी मोटारी टाकल्यात बग. चेरमनला सांगून वायरी कापायला पायजेत."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. आमच्याकडं तलाव रात्रीतून खाली गेला की चोरून मोटारी टाकल्यात हे ठरलेलंच असतं. मी म्हटलं, "दादा, ओहोटी हाय ती. संध्याकाळी सगळं पाणी परत येतंय."

"कोन सोडतंय?"

"कुणी सोडत न्हाई. आपोआप येतं. रोज येतं, दोनदा येतं."

"पाऊस न्हाई झाला तरी?"

"पावसाचा संबंधच न्हाई, दादा."

  मग म्हणाला, "आन् आपल्याकडं कावून न्हाई गं?"  माझ्या तोंडचं हसू पळालं.

पण तो रमला, लई रमला. उपग्रह त्या भागावरून जायचा त्या दिवशी मी त्याला वेळ कळवायची आणि तो पट्टीपाशी उभा राहून आकडा सांगायचा. आधी घसा साफ करायचा, मग "हां, घे" म्हणायचा, आणि आकडा असा सांगायचा की जणू कुणाच्या घरी पोरगा झाल्याची बातमी आहे. पट्टीवरचा आकडा खूप वाढला की खूश. मी सांगायची, "अरे, इथं पाणी वाढणं वाईट असतं." त्याच्या डोक्यात ते शिरायचंच नाही. "पानी वाढनं वाईट?" म्हणायचा आणि चेअरमनकडं बघून हसायचा, की बहीण शिकली तशी बिघडली. चेअरमन त्याला संध्याकाळी चहाला बोलवायचे. म्हणायचे, "गेल्या दोन-तीन वर्षांत उधाणाचं पाणी बांधाच्या कपाळाला लागतंय हो. आमच्या बापाच्या वेळी असं नव्हतं." दादा मान डोलवायचा आणि मला फोन करून सांगायचा, "चेरमनला फिकर लागलीय पान्याची. लई जास्त झालंय म्हनत्यात." त्याला हसू यायचं. वहिनी फोनवर म्हणायची, आवाजावरनं कळतंय ताई, अंगावर मांस चढलंय.

मग पावसाळा आला. कोकणात तो कोसळत होता आणि आमच्या तालुक्यात ढगसुद्धा थांबत नव्हता. चेअरमननी दादाला बजावून सांगितलं होतं की पावसात प्रत्येक ओहोटीला उघाडी उघडी पाहिजे म्हणजे पाहिजे. तो करायचा तसं, पण त्याचा जीव तळमळायचा. मला म्हणायचा, "बाई, गोडं पानी हाय ह्ये. प्यायचं पानी. धो धो सोडून देतोय मी, मह्या हातानं. पाप लागंल मला." मी म्हणायची, "दादा, भात कुजेल आतलं." तो "हां हां" म्हणायचा. त्याला पटलं नव्हतं. पटणार कसं? आयुष्यभर ज्या हातानं फटीत चिंध्या कोंबल्या, त्याच हातानं आता फळ्या काढायच्या.

त्या दिवशी दुपारी वहिनीचा त्याला फोन गेला. दुबार पेरणीही गेली होती. छावणीतला एक बैल बसला होता तो उठलाच नाही. हे वहिनीनं मला नंतर सांगितलं. दादा तेव्हा उघाडीवर उभा होता, ओहोटी लागली होती, फळ्या काढायची वेळ झाली होती. आत गुडघाभर गोडं पाणी, आभाळ गळतंय. वहिनी तिकडं रडत होती. त्यानं फोन खिशात ठेवला आणि फळ्या काढल्या नाहीत. उलट फटींत चिखल ठासला. पुढच्या ओहोटीलाही काढल्या नाहीत. मला त्यानं फोन लावला होता म्हणे, पण तोवर पाऊस एवढा वाढला होता की तिकडं कुणाचाच फोन कुणाला लागत नव्हता.

रात्रभर पाऊस पडला. आत पाणी बांधाच्या वरच्या अंगाला टेकलं. दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. बाहेरून भरती चढली, आणि भर दुपारी उघाडीच्या शेजारचा बांध बसला. बसला म्हणजे गेलाच. खाडी आत आली. माणूस-जनावर दगावलं नाही, पण जेवढं भात होतं तेवढ्यावरनं खारं पाणी फिरलं. माझी पट्टीही त्याच माऱ्यात गेली, त्या दिवशीचा आकडा कुणी वाचायच्या आधीच.

मी पोचले तेव्हा चेअरमनच्या पडवीत सगळे सभासद जमले होते. दादा खांबाला टेकून खाली बसला होता, चिखलानं भरलेला. कुणी काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं होतं, "म्या फळ्या काढल्या न्हाईत. पानी वाया चाललंतं." काहीजण ओरडत होते, आणि ओरडावंच की, त्यांचं वर्षाचं पोट गेलं होतं. एक बाई पदर तोंडाला लावून नुसती बघत होती दादाकडं. मला त्या ओरडणाऱ्यांपेक्षा तिची जास्त भीती वाटली.

चेअरमन म्हणाले, "बांध जुना होता. आतून पाण्याचा भार होता, खरं आहे. पण बाहेरूनही कालचं उधाण भलतंच होतं. फळ्या काढल्या असत्या तर राहिला असता का, कुणी सांगावं?" मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही दर्या मोजता ना? मग तुम्हीच सांगा आम्हाला. बांध भावामुळं गेला की दर्यामुळं?"

 दादानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बघून सांगते.

दादा गावी गेला. चेअरमन भला माणूस. संस्थेनं श्रमदान करून बांध परत घातला आणि त्यांनी मला निरोप दिला, "भावाला सांगा, राग नाही. या म्हणावं." मी आनंदानं दादाला फोन केला. तो म्हणाला, "मह्यामुळं फुटला नसंल तर येतो. मह्यामुळं फुटला असंल तर त्या बाईला कोन्तं तोंड दाखवू? तू मोज आदी." आणि तिथून पुढं सगळं त्या एका उत्तरावर अडलं. उत्तर दर्या असेल, तर माझा भाऊ खाडीकाठच्या खोलीत चहा पीत म्हातारा होणार. नसेल, तर दसरा जवळ येत होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम गावात फिरायला लागला होता.

मी मोजायला बसले. अहो, किती मोजलं! त्या भागावरून उपग्रह दहाएक दिवसांनी जातो. बांध फुटायच्या आधी काही दिवस गेला होता, नंतर काही दिवसांनी परत गेला. त्या दिवशी गेलाच नव्हता. त्या किनाऱ्याला पाणी वर्षांमागून वर्षं चढतंय हे मी छातीठोक सांगू शकत होते, कुणाही पुढं. पण त्या एका दुपारी, त्या एका खाडीत, त्या एका बांधापाशी पाणी किती होतं? लांबच्या बंदरातली नोंद सांगत होती उधाण मोठं होतं, पण खाडीच्या तोंडाला ते किती चढलं हे तिच्यावरनं निघत नव्हतं. माझ्या वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले, सरासरी सांगता येईल, एक दिवस नाही. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचं काय चुकलं होतं? माझ्या भावाची सरासरी काय करायचीय मला? मला ती दुपार पाहिजे होती.

दसऱ्याच्या तोंडावर मी गावी गेले. फाट्यावर वहिनी एकटीच घ्यायला आली होती. पिशवी माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "ताई, मी एक काम केलंय. तेन्ला सांगितलंय, तुमी वरनं मोजलंय म्हनून. दर्यानंच फुटला म्हनून. मानूस खात न्हवतं हो. कालपास्नं दोन भाकरी खायला लागलेत. तुमी नुसतं व्हय म्हना." तिनं माझा हात धरला.  "मुकादम दारात येऊन बसतोय रोज. ह्या खेपेला फडात गेले तर मी तेन्ला परत आननार न्हाई, ताई. मला ठाव हाय."

मी म्हटलं, "म्हणते, वहिनी." आणि मी म्हणणारच होते. आई शप्पथ म्हणणार होते. मला खोट्याचं काही वावडं नाही, कामाच्या ठिकाणी असेल, दादापुढं नव्हतं.

घरात शिरले तर दादाची पिशवी भरलेली, दाराशी. धुतलेला सदरा अंगात. तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी हसू बघितलं. "मोजलंस म्हनं?"

"मोजलं की. दर्यानंच फुटला, दादा. तुझ्यामुळं न्हाई."

"बग!" म्हणाला. आईकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं. "मी म्हनलंच न्हवतं का." मग पाटावर बसला, माझ्या समोर. घसा साफ केला. "हां, सांग. किती चढलंतं?"

"लई."

"लई म्हंजे? आकडा सांग की. पट्टीवर कुठवर आलंतं?"

त्याला आकडा पाहिजे होता. का नसणार? पट्टी वाचणारा माणूस तो. त्याला तिकडं जाऊन त्या पडवीत, त्या बाईपुढं उभं राहून आकडा सांगायचा होता. मी तोंड उघडलं. कुठलाही आकडा चालला असता, त्याला काय कळणार होतं. चुलीपाशी वहिनी हातातली भाकरी तशीच धरून थांबली होती. माझ्या तोंडातून आकडा निघेना. आजवर शेकड्यांनी आकडे काढलेत मी, आणि त्या दिवशी एक निघेना. दादा माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मला बोलायला शिकवलं होतं, माझं न बोलणं त्याला लगेच कळलं.

"आकडा न्हाई ना, बाई?"

"त्या दिवशी उपग्रह तिथनं गेलाच न्हवता, दादा."

त्यानं वहिनीकडं बघितलं नाही, हे त्याचं मोठेपण.  "मंग आपली पाळी न्हवती त्या दिवशी," म्हणाला. वरनं पाणी सोडतात तेव्हा ज्याची पाळी नसते त्याचं रान कोरडं राहतं, त्यात कुणाची चूक नसते, असं तो पाटकरी असताना लोकांना समजावत आला होता. त्याच आवाजात म्हणाला. मग उठला आणि पिशवीतले कपडे काढून खुंटीला अडकवले.

मी रडले, पाया पडले, शिव्या दिल्या. "आरं, तुझ्यामुळं फुटला असंही कुठं निघतंय? कशानं फुटला ते ठाऊकच न्हाई!" तो म्हणाला, "ठाव न्हाई म्हनून जाऊन बसू का त्यांच्या दारात?" दसरा झाल्यावर मुकादमाची गाडी आली. वहिनीनं गाडीत आधी भांडी चढवली, मग सरपण, मग ती चढली, मग तो. गाडीच्या फाळक्यावरनं हात हलवत म्हणाला, "पट्टी नवी रोव तिथं. चांगला मानूस ठेव."

हंगाम निम्मा झाला नव्हता. फळीवरनं चढत होता, डोक्यावर मोळी होती. वहिनी खाली पुढची मोळी बांधत होती. तिनं वर बघितलं तेव्हा तो फळीवर बसला होता, मोळी डोक्यावर तशीच. तिला वाटलं दम खातोय. तिनं हाकही मारली नाही, म्हणाली, खाऊ दे जरा दम.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी बसलो होतो. मी खरकटी भांडी गोळा करत होते, ती नुसती बसली होती. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"ताई, दर्यानंच फुटला न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. ही गोष्ट तिनंच रचली होती, तिच्या स्वतःच्या तोंडानं, माणूस दोन भाकरी खावा म्हणून. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला आकडा नको होता.

"व्हय, वहिनी. दर्यानंच."

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "तेन्ला मी सांगितलंतं."